शेवटचा हात

"शालन, जरा बाजूला हो," बापूसाहेब म्हणाले आणि माझ्या इंजिनापाशी उकिडवे बसले.

मी बाजूला झाले. न होऊन सांगते कुणाला? माळ त्यांचा, मंडळ त्यांचं, आम्ही ज्या डब्यातून इंधन भरायचो तो डबासुद्धा त्यांच्या कारखान्यातून आलेला. शिवाय रिवाजच होता तसा. आमच्या करवीर विमान मंडळात कुणाचंही विमान उडायच्या आधी त्याच्या इंजिनाला बापूसाहेब सरनोबतांचा शेवटचा हात लागायचा. तुम्ही महिनाभर खपून इंजिनाचं ट्यूनिंग केलेलं असो, शेवटी बापूसाहेब येणार, कार्बोरेटरची सुई दोन बोटांत धरणार, मान कलती करून ऐकणार आणि सुई किंचित पिळणार. मग उडवणाऱ्यानं वाकून त्यांच्या पाया पडायचं आणि मैदानाच्या मध्याकडं चालू लागायचं.

ही विमानं म्हणजे हात-दीड हात पंखांची, हलक्या लाकडाची, पण इंजिन खरं. विमान दोन बारीक तारांना बांधलेलं असतं, तारांचं दुसरं टोक आपल्या हातातल्या मुठीला. आपण मध्ये उभं राहायचं, विमान आपल्याभोवती गोल फिरतं, आणि मूठ वाकवून आपण त्याला चढवायचं, उतरवायचं, कोलांट्या मारायला लावायचं. १९८४ चा डिसेंबर होता. मी कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मंडळातली एकुलती एक मुलगी होते. जानेवारीत नागपूरला राज्याची स्पर्धा होती. आमच्या मंडळातून एकच नाव जाणार होतं. पाच मिनिटं सलग उड्डाण आणि त्यात तीन कोलांट्या, अशी परीक्षा. प्रत्येकाला दोन रविवार मिळणार होते. माझ्या बरोबरीनं त्या एका जागेवर डोळा होता धनाजी चौगुलेचा, आणि नेमका तोच त्या सकाळी माझं विमान धरायला बसला होता. एकानं मूठ सांभाळायची तर दुसऱ्यानं विमान धरून सोडायचं, याला इलाज नसतो.

माझं इंजिन जुनं होतं. मंडळातले सगळ्यांत मुरलेले उडवणारे म्हणजे रशीदभाई शिकलगार. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्याकडचं पडून राहिलेलं इंजिन मी माझ्या सायकलीच्या बदल्यात घेतलं होतं. सायकल त्यांच्या मुलीला गेली आणि मी कॉलेजला पायी जाऊ लागले. इंजिन आणलं तेव्हा आत इंधनात मिसळतात त्या एरंडेलाचा इतका जळका चिकटा होता की पुढचा पंखा बोटानं फिरेना. ते सगळं मी खरवडून, धुऊन काढलं. मग खरं दुखणं कळलं. या इंजिनाचा कार्बोरेटर म्हणजे करंगळीएवढी नळी आणि तिच्यात आडवी शिरणारी एक सुई. सुई आत फिरवली की इंधन कमी, बाहेर घेतली की जास्त. माझ्या सुईचे आटे झिजलेले होते. इंजिन थरथरलं की सुई आपोआप फिरायची आणि सगळं ट्यूनिंग पाण्यात. शेवटी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी बोटभर कापून मी त्या आट्यांवर घट्ट चढवली, तेव्हा कुठं सुई ठेवली तिथं राहू लागली.

मग तीन आठवडे मी नुसता आवाज ऐकत होते. या इंजिनांची एक खोड असते. जमिनीवर ती छान गायला लागली की समजावं, सुई जास्त आत गेली. वर गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, इंजिन जोरात पळतं आणि जास्त इंधन मागतं. म्हणून जमिनीवर ते थोडं अडखळत, धूर ओकत, एरंडेलाचे शिंतोडे उडवतच चालायला हवं. तेच वर गेलं की सुरात येतं. कॉलेजच्या मैदानावर माझ्या मंदाकिनी नावाच्या मैत्रिणीला विमान धरायला लावून मी अकरा वेळा उडवून पाहिलं. अकराही वेळा विमान टाकीतला शेवटचा थेंब संपेपर्यंत उडालं. मग सुई जिथं होती तिथं मी नखाला लावायच्या लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली.

आणि आता बापूसाहेब त्या सुईला हात घालून बसले होते.

"धूर किती काढतंय गं हे," ते म्हणाले आणि त्यांनी सुई पिळली. इंजिनाची घरघर थांबली, धूर गेला, स्वच्छ उंच सूर लागला.

"बघ. आता कसं गातंय."

"वा, बापूसाहेब," मागून दोघंतिघं म्हणाले.

मला आजही स्वतःचा राग येतो तो इथं. मला माहीत होतं की हा सूर चुकीचा आहे. पण समोर साठीचा माणूस, पाण्याच्या पंपांची इंजिनं बनवण्यात ज्याचं नाव आहे असा. मला वाटलं, त्यांना काही जास्त कळत असेल. मी पाया पडले, मध्यावर गेले, मूठ उचलली आणि धनाजीला मान हलवून खूण केली. त्यानं विमान सोडलं. दोन फेरे झकास झाले. तिसऱ्याला मी पहिल्या कोलांटीसाठी नाक वर घेतलं, तसा आवाज बारीक झाला आणि बंदच पडला. तारा सैल सुटल्या. मुठीत काही उरलंच नाही. विमान वीस फुटांवरून नाकावर आलं.

मी धावत गेले. डावा पंख मधून मोडला होता, पंख्याचे दोन तुकडे झाले होते. बापूसाहेब चालत आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते ओरडले असते तर मला चाललं असतं.

"असू दे पोरी," ते म्हणाले. "हात बसायला वेळ लागतो. मुलींचा हात जरा घाबरा असतो, त्याला कोण काय करणार."

"कोलांटी उशिरा ओढलीस तू," धनाजी म्हणाला.

"व्हय, उशीरच झाला," बाकीचे म्हणाले. रशीदभाई कमरेच्या फडक्याला हात पुसत उभे होते. त्यानंतर अर्ध्या तासानं धनाजीचं विमान त्यांनी धरलं. बापूसाहेबांचा शेवटचा हात लागला होता, तरी पाच मिनिटं उडालं आणि तीन कोलांट्या मारून गवतावर अलगद टेकलं.

माझी लाल रेघ जागेवरून बरोबर अर्धा फेरा सरकलेली होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी रशीदभाईंच्या दुकानात गेले. ते डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. मी इंजिन काचेवर ठेवलं आणि रेघ दाखवली.

"रशीदभाई, बापूसाहेबांनी सुई अर्धा फेरा आत घातली. म्हणून वर इंजिन कोरडं पडलं. माझा हात घाबरा नव्हता."

त्यांनी भिंग काढलं. रेघेकडं बघितलंच नाही. "व्हय," ते म्हणाले. "ते तसं घालतातच."

"म्हणजे?"

"सगळ्यांचीच घालतात. बापूसाहेबांनी जन्मभर पंपाची इंजिनं केली. ती एका जागी बसलेली असतात. तिथं धूर म्हंजे खोट. त्यांचा कान तसाच झालाय. हे इंजिन उडणारं हाय, हे काय त्यांच्या कानाला पटत न्हाई."

"मग तुमची विमानं कशी उडतात? धनाजीचं काल कसं उडालं?"

रशीदभाईंनी कमरेचं फडकं काढून काचेवर ठेवलं. "बापूसाहेब उठले, पाया पडायचं झालं, की जो विमान धरतो त्यानं फडक्यानं इंजिन पुसायचं. पुसता पुसता सुई अर्धा फेरा मागं. फडक्याआड दिसत न्हाई. धनाजीची मी मागं घेतली."

मी ते फडकं उचलून पाहिलं.

"कधीपासून?"

"मंडळ निघाल्यापासनं. अकरा वर्षं."

"आणि हे सगळ्यांना माहीत आहे?"

"उडवणाऱ्या सगळ्यांस्नी. का, तुला कोण सांगितलं न्हाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुला कोण सांगितलं नाही म्हणे. मी ऑगस्टपासून दर रविवारी तिथं जात होते. यांचे डबे उचलत होते, तारा गुंडाळत होते, यांनी चालू करून दिलेलं शिकाऊ विमान उडवत होते. इंजिन तर रशीदभाईंनीच मला दिलं. आणि एवढी एक गोष्ट सांगायला कुणाला सवड झाली नाही.

"धनाजीनं का नाही माझी मागं घेतली?"

"ते त्यालाच इचार," रशीदभाई म्हणाले.

मी विचारलं. धनाजी त्याच्या चुलत्याच्या सायकल दुकानात चाक सरळ करत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "मला काय म्हाईत तुला म्हाईत न्हाई ते," तो म्हणाला. "मला वाटलं तुझी तू घेतली असशील. आणि विमान तुझं, सुई तुझी. मी हात लावून काय बिघडलं असतं तर परत माझ्याच नावानं शंख."

संध्याकाळी मी घरी आण्णांसमोर हे सगळं ओकले. माझे वडील बापूसाहेबांच्याच कारखान्यात इंजिनं तपासायच्या खात्यात होते. मला वाटलं, आण्णा तरी भडकतील. ते चहा बशीत ओतत शांतपणे म्हणाले, "कारखान्यात पण तसंच हाय गं. साहेब येतात, नव्या मॉडेलला हात लावून जातात. ते हापिसात गेले की आम्ही परत सेट करतो."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"कोण सांगायचं? मोठा माणूस हाय. मनानं चांगला हाय. त्याला कशाला दुखवायचं? तू पण फडकं घेऊन जा येत्या रविवारी. लोक करतात तसं करायचं, काम झाल्याशी मतलब."

चांगला माणूस म्हणून त्याला अकरा वर्षं फसवायचं, हा कुठला न्याय? पण खोटं कशाला सांगू, मी फडकं घेतलं. जुन्या परकराचं, स्वच्छ धुऊन. नागपूरला जायचं होतं मला. आठवडाभर जागून पंख जोडला, नवा पंखा बसवला, सुई लाल रेघेवर आणून ठेवली. रशीदभाईंनी निरोप पाठवला होता की रविवारी तुझं विमान मी धरतो, काळजी करू नकोस. मी ठरवलं होतं की निमूटपणे पाया पडायचं आणि उडवायचं.

रविवारी मी इंजिन चालू केलं. घरघर, धूर, सगळं होतं तसं. रशीदभाई शेपटी धरून बसले होते, त्यांचं फडकं खांद्यावर होतं. बापूसाहेब पांढऱ्या पँटीचे पाय वर ओढत आले. आणि बसता बसता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गेल्या रविवारी हिचं विमान पडलं म्हणून इंजिनाला नावं ठेवू नका हं कुणी. इंजिनात काही दोष नव्हता. मी स्वतः लावलं होतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. धनाजीनं सगळ्यांत जास्त हलवली. आणि मला ते सहन झालं नाही.

"बापूसाहेब, सुईला हात लावू नका," मी म्हणाले.

त्यांचा हात तिथंच थांबला. "काय म्हणालीस?"

"हात लावू नका. मी लावलंय ते बरोबर आहे."

"अगं, धूर काढतंय ते. अडखळतंय."

"अडखळायलाच पाहिजे. वर गेलं की सुरात येतं. तुम्ही लावता तसं लावलं की वर कोरडं पडतं आणि बंद होतं."

ते हसले. रागानं नाही, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसे. "पोरी, अकरा वर्षं मी लावतोय. या माळावरचं एकेक विमान माझ्या हातानं लागलेलं आहे."

"तुमच्या हातानं लागलेलं एकच विमान वर गेलं, बापूसाहेब. माझं. आणि ते पडलं. बाकीचे सगळे तुमची पाठ फिरली की फडक्याआड सुई अर्धा फेरा मागं घेतात."

इंजिन घरघरत होतं, तेवढाच आवाज. बापूसाहेब सावकाश उठले. त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली आणि मी इंधनाची नळी चिमटीत दाबली. मग त्यांनी रशीदभाईंकडं बघितलं.

"रशीद, ही काय म्हणतेय?"

रशीदभाई खांद्यावरचं फडकं काढून त्याची घडी घालू लागले. मी मनात म्हणत होते, बोला. सोमवारी मला जे सांगितलंत ते आता यांना सांगा. एवढंच करा.

"पोर हाय, बापूसाहेब," रशीदभाई म्हणाले. "विमान पडल्याचं लागलंय तिला. तुम्ही मनावर घेऊ नका."

"धनाजी?"

"मी तर असलं काय बघितलं न्हाई."

बापूसाहेबांनी बाकीच्या पाचसहा जणांवरून नजर फिरवली. कुणी आभाळाकडं बघत होता, कुणी तारांचा गुंता सोडवत होता, त्या तारांना गुंता नव्हताच. मला रडायला येत होतं आणि मी रडणार नव्हते. एक वेळ धनाजीचं समजू शकत होते, त्याला नागपूर हवं होतं. पण रशीदभाईंना काय हवं होतं?

"ठीक आहे," बापूसाहेब म्हणाले. "तुझ्या सुईवर उडव. कोण धरतंय हिचं विमान?"

कुणी पुढं आलं नाही. रशीदभाई शेपटीपासून उठून दोन पावलं मागं झाले. मी एकेकाकडं बघितलं. दोन रविवारांपैकी हा माझा शेवटचा होता आणि धरायला माणूस नाही म्हणून तो जाणार होता.

"मी धरतो," बापूसाहेब म्हणाले आणि त्या पांढऱ्या पँटीनं गवतात गुडघे टेकून बसले.

मी इंजिन पुन्हा चालू केलं, रेघेवर सुई आहे हे बघितलं आणि मध्याकडं निघाले. पाया पडले नाही. मूठ उचलून मागं वळले तेव्हा ते विमान धरून, चेहऱ्यावर एरंडेलाचे शिंतोडे घेत, मान कलती करून ऐकत होते. मी मान हलवली. त्यांनी विमान नीट, सरळ सोडलं. अर्धा फेरा विमान जड गेलं आणि मग सूर लागला. मागच्या रविवारी त्यांनी जमिनीवर लावला होता तोच, पण हा टिकणारा होता. मी पहिली कोलांटी घेतली. नाक वर जाताना आवाज जरासुद्धा बारीक झाला नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. खरं तर चौथीही घेतली, तिची गरज नव्हती. पाच मिनिटं होऊन गेली तरी मी उतरवलं नाही. टाकी संपली तेव्हा विमान आपसूक खाली आलं.

कुणी टाळी वाजवली नाही. बापूसाहेब शर्टावरचे डाग रुमालानं पुसत होते.

"वर गेल्यावर आवाज बदलला," ते मला म्हणाले.

"हो."

"तू म्हणालीस तसाच."

त्यांनी रुमाल खिशात घातला. मग म्हणाले, "रशीद, तुझं विमान आण."

रशीदभाईंच्या विमानाचं वर्णन मी काय करू? पांढरं, लाल काठाचं, वर रेशीम ताणून बसवलेलं. दुकान सांभाळून त्यांनी ते सव्वा वर्षात बांधलं होतं आणि दोनदा राज्याच्या स्पर्धेत नेलं होतं. त्यांनी ते आणलं, इंजिन चालू केलं. बापूसाहेब बसले, नेहमीसारखी सुई पिळली, धूर गेला, स्वच्छ सूर लागला. रशीदभाई पाया पडायला वाकले.

"पाया राहू देत," बापूसाहेब म्हणाले. "फडकं इकडं दे. धरायला मीच बसतो. तू मुठीकडं जा."

रशीदभाईंनी फडकं दिलं. आता तरी बोलतील, असं मला वाटलं. बोलायचं होतंच किती? बापूसाहेब, अर्धा फेरा मागं घ्या. एवढंच वाक्य. मूठ वीस पावलांवर होती. ते चालत गेले. मध्ये एकदा थांबले आणि वळून विमानाकडं बघितलं, मग पुढं गेले. त्यांनी मूठ उचलली आणि मान हलवली.

विमान सुटलं. एक फेरा, दोन फेरे, तीन. रशीदभाई ते सरळच फिरवत होते. सरळ फिरवताना इंजिन बंद पडलं असतं तरी त्यांच्यासारख्यानं ते तरंगत खाली आणलं असतं. 

"कोलांटी," बापूसाहेब म्हणाले.

रशीदभाईंनी आणखी एक फेरा सरळ काढला.

"रशीद, कोलांटी मार."

त्यांनी नाक वर घेतलं. अर्ध्यावर आवाज बारीक झाला आणि तुटला. विमान उलटं पडलं. रेशीम फाटल्याचा आवाज आम्हाला एवढ्या लांबून ऐकू आला.

बापूसाहेब त्या तुकड्यांपाशी जाऊन उभे राहिले. रशीदभाई मूठ हातात धरूनच आले. आम्ही सगळे भोवती गोळा झालो.

"तुला माहीत होतं," बापूसाहेब म्हणाले.

"व्हय."

"इंजिन बंद पडणार, विमान जाणार, सगळं माहीत होतं."

"व्हय, बापूसाहेब."

"मग कोलांटी मारलीस कशाला?"

"तुम्ही म्हणालासा न्हवं," रशीदभाई म्हणाले.

मी बापूसाहेबांना त्याआधी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, पण हातातल्या फडक्याचा त्यांनी बोळा केला. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "अकरा वर्षं दर रविवारी तुम्ही माझ्या पाया पडलात आणि पाठीमागं मला वेड्यात काढलंत. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज चार विमानं लावून दिली. हसत असाल सगळे. एकानं, अरे एकानं जरी म्हटलं असतं की बापूसाहेब, अर्धा फेरा कमी पिळा, तर मी काय खाल्लं असतं त्याला?"

"तसं न्हाई बापूसाहेब, तुमच्या मानासाठी..." धनाजी म्हणाला.

"माझा मान," बापूसाहेब म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी नागपूरच्या स्पर्धेच्या अर्जावर माझं नाव लिहिलं, शालन पोवार, खाली सही केली आणि अर्ज माझ्या हातात दिला. देतानाही त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फडकं रशीदभाईंच्या तुटक्या विमानाशेजारी ठेवून ते मोटारीत बसून गेले. ते पुन्हा माळावर आले नाहीत. माळ मंडळाकडंच राहिला, इंधनाचे डबे येत राहिले, ते मात्र आले नाहीत. नागपूरला मी गेले. तिथं माझं विमान एका अनोळखी माणसानं धरलं, कारण मंडळातून कुणी सोबत आलं नाही. माझा चौथा नंबर आला.

पण मला सांगायचंय ते त्याच सकाळचं आहे. मोटार गेल्यावर सगळे माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की चुकलं आमचं. निदान तुझं उड्डाण चांगलं झालं, एवढं तरी म्हणेल.

"झालं तुझं समाधान?" धनाजी म्हणाला. "म्हाताऱ्याचं मन मोडलंस आणि रशीदभाईंचं विमान पण घालवलंस."

"मी घालवलं?"

"न्हाईतर काय. गप बसली असतीस तर दोन्ही राहिलं असतं."

बाकीच्यांना ते पटलेलं दिसत होतं. मी रशीदभाईंकडं बघितलं. ते गुडघ्यावर बसून पंखाच्या काड्या वेचत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तितकंच वाईटही वाटत होतं. तारेत अडकलेली शेपटी त्यांच्या हाताला येत नव्हती. मी वाकले आणि ती सोडवायला हात पुढं केला.

"राहू दे," रशीदभाई म्हणाले. "हात लावू नको तू त्याला."

आज या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, आणि अजून ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. बापूसाहेबांना जे सांगायला या माणसाला अकरा वर्षं पुरली नाहीत, ते मला सांगायला त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.